आमटीतला सोडा

आमच्या घरात माझी एक थट्टा कायमची ठरलेली आहे. बाहेरून जेवण मागवलं की नातू डब्याचं झाकण उघडायच्या आधीच विचारतो, "आजी, यात सोडा आहे का ग?" आणि सगळे हसतात. मीही हसते. फोनवर बोट फिरवलं की अर्ध्या तासात जेवण दारात येतं, याचं त्या पोराला कोण कौतुक! वेळ वाचतो, दगदग वाचते, आणणाऱ्याच्या हाताला काम मिळतं, असं सगळं अर्थशास्त्र तो मला समजावून सांगतो. माझा मुलगा मान डोलावतो. मी एवढंच विचारते, "वाचलेल्या वेळाचं करता काय रे तुम्ही?" त्यावर दोघेही आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात.

सोड्याची खरी हकिकत मी त्यांना कधी सांगितली नाही. ती ठाऊक असलेली मी आता एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी लग्न होऊन मालवणकडच्या गावातून लालबागला आले, तेव्हा चाळीच्या भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं चुन्याने लिहिलेलं होतं. आमची खोली एकच. तीत सासूबाई, आम्ही दोघं आणि गावाकडचे चार गिरणीकामगार. ते चौघे आमच्याकडे जेवायचे आणि झोपायचेही. दोघे दिवसपाळीला, दोघे रातपाळीला. दिवसपाळीचे गेले की रातपाळीचे येऊन भिंतीकडे तोंड करून घोरत पडायचे. त्या खोलीला कधी कुलूप लागलेलं मी पाहिलं नाही आणि ती रिकामीही कधी पाहिली नाही.

त्यात आमचे हे साळखात्यात, म्हणजे मागांवर होते. दिवसभर शेकडो मागांचा खडखडाट कानावर घेतलेला माणूस. त्यांना हळू बोलता यायचंच नाही. "लुगडा बरा दिसता तुजा" एवढं एकदा ते माझ्या कानात म्हणाले आणि पलीकडच्या खोलीतली बाई दुसऱ्या दिवशी नळावर मला लुगड्याचा रंग विचारायला लागली. त्यानंतर त्यांनीही तो नाद सोडला. लग्नाला वर्ष होत आलं तरी घरात मी नवऱ्याशी जे बोलले, ते "पाणी काढलंय" आणि "भात वाढू?" यापलीकडे गेलं नव्हतं.

पण आम्हाला अर्धा तास होता. त्यांची गिरणी लोअर परळला होती. दुपारच्या जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि डबा पोचवायचं काम माझं. फाटकाबाहेर भिंतीला लागून सावलीची एक पट्टी पडायची. भोईवाड्याच्या, नायगावच्या, करीरोडच्या बायका आपापले डबे घेऊन तिथे ओळीने बसायच्या. भोंगा झाला की माणसं बाहेर यायची. हे यायचे ते केसांत, भुवयांत कापूस घेऊन. मी डबा उघडायची, ते जेवायचे, आणि जेवताजेवता बोलायचे. मोठ्याने बोलले तरी चालायचं, कारण तिथे सगळेच मोठ्याने बोलत.

काय बोलायचे? प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही. गावच्या एकाने दादरला कापडाचं दुकान काढलं होतं. चाळीत सगळे म्हणत, आता मराठी माणूस धंद्यात पडला, बघा कसा वर येतो. ह्यांनी सगळी हकिकत सांगितली आणि घास हातात ठेवून विचारलं, "तुका काय वाटता?"

मी आजूबाजूला बघितलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारतायत. सातवी शिकलेली, एकोणीस वर्षांची मी. मला काय वाटतं असं तोवर बापानेही विचारलं नव्हतं. मग धीर करून म्हटलं, त्याच्या घरी गेलं की तो आधी आपण वहाणा कुठे काढल्या ते बघतो, मग आपल्याकडे. तसा माणूस गिऱ्हाइकाला काय बसवून घेणार? हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. दिवाळीच्या आत ते दुकान बंद झालं.

तेव्हापासून रोज एक प्रश्न ठरलेला. एकदा गिरणीत बोलणं निघालं होतं की दोन मागांऐवजी एकेका माणसाने चार माग चालवायचे, नवी यंत्रं येतायत. "तुका काय वाटता?" मी म्हटलं, "एक बायल दोन चुली सांभाळता. चार दिल्यार एकीवरचा करपतलाच." पुढे खरंच काही जणांना चार माग दिले आणि कापडात इतके दोष निघाले की साहेबच हैराण झाले. आमच्याकडे राहणाऱ्या चौघांत एकजण युनियनवाला होता. वर्तमानपत्र वाचून वाचून तो घरातसुद्धा भाषणासारखं बोलायचा. त्याने फाटकावरच्या सभेत माझ्या चार चुली स्वतःच्या म्हणून ठोकून दिल्या आणि टाळ्या घेतल्या. मी डबा मांडीवर घेऊन ऐकत होते. राग आला, पण खरं सांगू? त्या दिवशी घरी परतताना मी जमिनीवरून चालत नव्हते.

आणि मग गिरणीत कँटीन निघालं.

घरात आनंदीआनंद. युनियनवाला म्हणाला, "वहिनी, कँटीन म्हणजे मेहेरबानी नाय. कामगाराचा हक्क हाय तो, लढून घेतलाय." दुसरा म्हणाला, स्वस्त पडतं. तिसरा म्हणाला, तिथे वाफेवर भात शिजतो, एका वेळी हजार माणसांचा, विलायतेत असंच असतं. सासूबाई म्हणाल्या की आता सुनेचा दुपारचा वेळ मोकळा होईल, तांदूळ निवडून होतील. सगळ्यांची मतं झाली. मग हे जेवणावरून हात धुऊन उठले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "उद्यापास्ना डबो हाडू नको. कँटीनात जेवतलंय."

मी चुलीशी होते. लग्न झाल्यापासून त्या खोलीत मी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "कँटीनच्या आमटीत सोडो घालतत," मी म्हटलं. "पोटाक वायट."

सगळी खोली हसून पडली. सोडा! वहिनी कधी गेल्या कँटीनात? युनियनवाल्याने मला समजावलं की अशाच अडाणी समजुतींमुळे आपला समाज मागे राहिला. हेही हसत होते. ते हसणं मला फार लागलं. बाकीच्यांना काय, ते परके. पण ह्या माणसाला अर्धा तास नकोसा झाला, एवढंच मला दिसत होतं.

मी अबोला धरला. पण मुळात घरात बोलणंच नव्हतं, तर अबोला धरलाय हे कळणार कुणाला? दुपारी तांदूळ निवडायला बसले की भोंगा व्हायचा आणि माझा हात थांबायचा. आता ते हात धुऊन बाकावर बसले असतील. आता शेजारच्याला काहीतरी सांगत असतील. त्याला विचारत असतील का, तुला काय वाटतं म्हणून? मला त्या न पाहिलेल्या शेजाऱ्याचा मत्सर वाटायचा. रातपाळीवाल्यांच्या घोरण्यात बसून मी त्या भिंतीच्या सावलीसाठी रडले आहे, हे आज लिहायला मला लाज वाटत नाही.

असे दीड-दोन महिने गेले. चळवळ जोरात होती. गोळीबारात माणसं गेली होती. आमच्या मागच्या चाळीतला एक तरणाताठा मुलगा गेला, त्याच्या आईचा आक्रोश अजून माझ्या कानांत आहे. सभा म्हटली की चाळीच्या चाळी ओस पडत. एके दिवशी युनियनवाला म्हणाला, बायकांनीही यायला पाहिजे, आणि सासूबाईंना नाही म्हणता येईना. संध्याकाळी आम्ही सगळ्या बायका दादरच्या मैदानावर गेलो. एवढी माणसं मी जन्मात एकत्र पाहिली नव्हती. बायकांची बसायची जागा वेगळी होती. गर्दीच्या रेट्यात मी मागे पडले आणि कडेच्या चणेवाल्यापाशी येऊन उभी राहिले. तिथे हे उभे होते.

कोण कुणाला शोधत होतं ते आम्ही पुढे कधी कबूल केलं नाही.

व्यासपीठावर भाषण रंगात आलं होतं. लाखभर माणसांत आम्हा दोघांकडे बघायला एकालाही सवड नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही एकटे होतो. हे ओरडून म्हणाले, "एवढो राग कित्याक इलो तुका त्या कँटीनचो?"

मीही ओरडूनच सांगितलं, "थंय फाटकाकडे तुमी माका विचारी होतास, तुका काय वाटता म्हणान. घरात माका कोण विचारता?"

ते माझ्या पायांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "माका वाटला तुका बरा वाटात. रोज बघी होतंय, एका पायार उभी रवस. डांबरार पाय भाजतत ना तुजे?"

गावी मी कधी चपला घातल्या नव्हत्या, मुंबईतही मला कुणी घे म्हणालं नव्हतं. उन्हात पाय पोळायचे, म्हणून सावलीत जागा होईपर्यंत मी एकेक पाय उचलून नाचत उभी राहायची. ते त्यांनी पाहिलं होतं. माझे पाय वाचावेत म्हणून त्यांनी अर्धा तास सोडला होता, आणि मी दोन महिने त्यांना मनातल्या मनात दगड म्हणत होते.

मग त्यांनी चणे घेतले, पुडी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "मुंबय आमका मेळतली? तुका काय वाटता?"

"मेळतली," मी म्हटलं. "घेतल्याबिगर ही माणसा घराक बसूची नाय. आणि घराक बसाक जागा तरी खंय आसा?"

त्या सभेला लोक जिवावर उदार होऊन आले होते, आणि मी नवऱ्याला भेटले म्हणून सुखात होते. याची बोच मला आहे. पण होतं ते असं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते हातात चपलांचा जोड घेऊन. उंबऱ्यात ठेवला आणि सगळे जेवायला बसलेले असताना मोठ्याने म्हणाले, "माझा पोट बिघाडला. त्या कँटीनच्या आमटीत सोडो आसता. उद्यापास्ना माका घरचो डबो व्हयो."

सासूबाई म्हणाल्या, "आता राणीसरकार चपलो घालून चलतली!" युनियनवाल्याने कपाळाला हात लावला. अरे, तू नव्या मागांबद्दल बोलणारा माणूस, रेडिओ घ्यायची स्वप्नं बघणारा, आणि बायकोच्या नादाला लागून सोडा म्हणतोस? हे खाली मान घालून भात कालवत राहिले. मी आमटी वाढली. त्यांनी वर बघितलं नाही, पण कान लाल झाले होते.

पुढे मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला, चाळीवर दिवे लागले. आम्हाला मुलगा झाला. तो चौघांचा घोळकाही हळूहळू आपापल्या खोल्यांत गेला. पण गिरणी बंद पडेपर्यंत माझा डबा थांबला नाही. सगळ्या खात्यात ह्यांची टर उडायची. "सोडेवाले" असंच नाव पडलं होतं. यंत्रातलं, व्यवहारातलं, राजकारणातलं सगळं कळतं, पण कँटीनचं नाव काढलं की हा माणूस अडाणी, असं लोक म्हणत. एकदाही त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. म्हातारपणी तो युनियनवाला भेटायला आला की अजून हसायचा, आणि हे ठासून म्हणायचे, "सोडो आसताच."

शेवटी ह्यांना परळच्या इस्पितळात ठेवलं होतं. मुलगा म्हणाला, आई, इथे वेळेवर पथ्याचं जेवण मिळतं, तू या वयात डबा घेऊन जिने कशाला चढतेस? मी गेले तेव्हा जेवणाची गाडी नुकतीच येऊन गेली होती. ह्यांचं ताट तसंच होतं. नर्स रागावली होती. हे तिला सांगत होते, "बाय, त्येच्यात सोडो आसता. माझो डबो येतलो."

भेटीची वेळ अगदी थोडी उरली होती. मी भात आणि सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण उघडलं. दोन घास घेतल्यावर ते थांबले. कान तोवर पार गेले होते, त्यामुळे इतक्या मोठ्याने बोलले की सगळा वॉर्ड आमच्याकडे वळून बघायला लागला. "माका घराक जावक मेळात? तुका काय वाटता?"

मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि ओरडून सांगितलं, "मेळतला. परवाच जातलास."

दुकानाचं, मागांचं, मुंबईचं, माझं कुठलंच मत तोवर चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि निवांतपणे डब्यातला सगळा भात संपवला. माझं तेवढं एकच मत चुकलं.