पट्टीपासून पाव इंच

सणसवाडीतल्या त्या गोधड्यांच्या कारखान्यात कुणी 'डिझायनर' म्हटलं, की ललिताच्या कपाळाला आठी पडायची. आणि का पडू नये? चौदा वर्षं झाली तिला तिथं. शिरूरहून कंपनीच्या गाडीनं यायला लागली ती निव्वळ दोरे कापायला. दहावी नापास, नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे उघडायच्या आणि ही बया भाकरीचा घास तोंडात धरून लाँगआर्मपाशी उभी राहायची.

लाँगआर्म म्हणजे लांब मानेची मशीन. घरच्या मशीनवर कापड सरकवायचं असतं. इथं गोधडी दोन रुळांवर ताणून बसवायची आणि मशीनच तिच्यावरून फिरवायची. उजव्या हातात दांडा. डाव्या हातानं काचेसारखी जाड पट्टी कापडावर दाबायची आणि तिच्या कडेला मशीनचा गोल पाय टेकवून न्यायचा. पट्टी सरळ असेल तर रेघ सरळ, कमानीची असेल तर कमान. सोपं वाटतं ना? बसून बघा एकदा! पट्टी केसभर सरकली की केलेलं सगळं मातीत.

बिहारचा एक ऑपरेटर होता, त्यानं तिला शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दीदी, पाव इंच मत भूलना." सुई त्या गोल पायाच्या मधोमध असते. त्यामुळं टाका पट्टीच्या कडेला पडत नाही, कडेपासून पाव इंच अलीकडं पडतो. म्हणून पट्टी आखल्या रेघेवर ठेवायची नाही, रेघेपासून पाव इंच सोडून ठेवायची. तो ऑपरेटर गावी गेला तो गेलाच. त्याची मशीन ललितानं घेतली.

नुसती मशीन नाही, सगळा विचारच तिनं अंगावर घेतला. गोधडी आली की आधी ती टेबलावर पसरायची. जोड कुठं, टोक कुठं, कुठली पट्टी कुठं लागेल, कुठून सुरुवात केली म्हणजे दोरा मधेच तोडावा लागणार नाही, हे सगळं ती लेकीच्या जुन्या चौकटीच्या वह्यांवर काढायची. मालक शंकरराव वह्या बघून मान डोलवायचे. "बाई, पुढच्या दिवाळीला डिझाइनच्या टेबलावर तुम्हीच." अशा पाच दिवाळ्या गेल्या. सहाव्या वर्षी पुण्याहून रश्मी मॅडम आल्या, लॅपटॉप घेऊन. डिझाइनच्या टेबलाला खुर्ची आली आणि त्या खुर्चीत त्या बसल्या. ललिताच्या वह्या 'जरा बघायला' म्हणून गेल्या, त्याही त्याच टेबलाच्या खणात.

मॅडम वाईट नव्हत्या हो. पण लाँगआर्मला त्यांनी कधी हात लावला नव्हता. स्क्रीनवर चित्र काढायच्या, छापून पाठवायच्या. प्रत्येक चित्रात पाव इंच विसरलेला. पट्टीची कड आणि टाका एकाच रेघेवर! ललिता गुपचूप पट्टी मागं घ्यायची आणि गोधडी झकास उतरायची. कौतुक व्हायचं मॅडमचं. दोन वर्षं हिनं हे गिळलं.

मग चांदण्यांची गोधडी आली. तिचं वरचं कापड भांडगावच्या धुरपदामावशीनं घरी बसून जोडलं होतं. चौसष्ट चांदण्या, जुन्या सुती लुगड्यांच्या, एकेका चांदणीला आठ टोकं. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाचा नमुना होता तो. मॅडमनी शंकररावांकडं तक्रार केली, की ऑपरेटर पट्टी कागदावरच्या रेघेवर ठेवत नाहीत, मनानं मागं घेतात; अशानं गिऱ्हाइकाला दाखवलेलं एक आणि हाती आलेलं दुसरं व्हायचं. शंकरराव तरातरा मशीनपाशी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ललिताबाई, आपलं डोकं चालवायचं न्हाई. कागदावर हाय तसंच शिवायचं."

आपलं डोकं चालवायचं नाही! दोन वर्षं ज्या डोक्यानं त्यांची अब्रू राखली ते डोकं! ललिताच्या अंगाचा तिळपापड झाला. "व्हय साहेब," ती म्हणाली. "कागदावर हाय तसंच."

आणि शिवलं तिनं तसंच. पट्टी बरोब्बर रेघेवर ठेवली. चांदणीभोवतीची कमान पाव इंच आत पडली आणि पहिल्या चांदणीच्या टोकांवरूनच टाका गेला. बघू दे त्यांना, ती मनात म्हणाली. दुसरी. तिसरी. पट्टी केसभरही हलू दिली नाही. पहिली ओळ, आठ चांदण्या, सगळ्या बोडक्या. तिला वाटलं होतं बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही.

दुपारी धुरपदामावशी आली. भांडगावहून गाडी बदलत, पुढचं जोडकाम पिशवीत घालून. आपली गोधडी मशीनवर चढली म्हणून हौसेनं बघायला आत आली. रुळाशी वाकली. कापडावरून बोट फिरवत गेली आणि मधेच थांबली.

"अगं बाई, माझ्या चांदण्यांची टोकं कुणी खुडली?"

"कागदावर तसं हाय, मावशी."

"कागदाला डोळं न्हाईत. तुला हायेत न्हवं?"

ललिताचा सगळा राग शंकररावांवर आणि मॅडमवर होता, आणि त्याचा वार झाला होता या म्हातारीच्या कामावर. टोकाला टोक जुळवायला किती दिवस लागतात ते तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून शिवलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

तेवढ्यात शंकरराव आले, मागून मॅडम. ओळ बघून मालकांचा चेहरा उतरला. "हे काय करून ठेवलंय? उसवा सगळं! आपला नियम हाय, ज्याची चूक त्यानं उसवायचं."

"नियम बरोबर हाय," ललिता म्हणाली. आवाज चढला तो चढलाच. शेडमधल्या बाकीच्या मशीन थांबल्या. तिनं मॅडमचा कागद गोधडीच्या कडेच्या जास्तीच्या कापडावर ठेवला, पट्टी रेघेवर दाबली, दोरा काढून टाकला आणि नुसती सुई एक वीतभर चालवली. कागदावर भोकांची ओळ उमटली, रेघेपासून पाव इंच दूर. "बघा साहेब. डोळं भरून बघा. दोन वर्षं हर एका चित्रात ही चूक व्हती आन् दोन वर्षं मी ती झाकली. आज तुम्ही म्हणालात डोकं चालवू नको. न्हाई चालवलं. पन मला म्हाईत व्हतं, म्हणून निम्मी चूक माझी. निम्मी मॅडमची. चार चांदण्या मी उसवते, चार त्यांनी उसवाव्यात."

मॅडमचे कान लाल झाले. शंकरराव म्हणाले, "अहो, त्या डिझायनर हायेत—"

"मग डिझाइनच उसवायचंय की!"

मॅडमनी भोकांच्या त्या ओळीवर नख फिरवलं. मग ओढणी खोचली आणि स्टूल ओढून बसल्या. दोघी टाका टाका उसवू लागल्या. जुनं लुगडं ते, भोकं काही बुजेनात. धुरपदामावशी ओल्या बोटानं एकेक भोक चोळत होती आणि मान हलवत होती. तिच्याकडं बघायची ललिताची हिंमत होईना.

आठवी चांदणी मोकळी झाली तसे शंकरराव पुढं झाले. आवाज एकदम मऊ. "झालं गेलं गंगेला मिळालं. ललिताबाई, तेवढं चित्र दुरुस्त करून द्या पटकन. गिऱ्हाइकाला परवा पाठवायचंय. आन् टेबलाचं दिवाळीला बघू आपन."

"दुरुस्त करून देनार न्हाई," ललिता म्हणाली. "लोकांची चित्रं दुरुस्त करायची न्हाईत मला आता. ह्या भोकांवरून कमान जाईल आन् मावशीचं एकबी टोक तुटनार न्हाई, असं नवं चित्र काढते. पन टेबलावर बसून काढते. आजच. आन् खाली नाव माझं लागल."

"तसं एकदम कसं..."

"मग ऱ्हाऊ द्या." तिनं मशीनचं बटण बंद केलं. "परवा तुम्हीच पाठवा कायतरी."

शंकररावांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सर, मला हे जमणार नाही. त्यांना जमेल." मालक मोबाईल कानाला लावून बाहेर निघून गेले, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ललितानं वाट बघितली नाही. ती टेबलाशी गेली, खण उघडून आपल्या वह्या बाहेर काढल्या, खुर्ची पुढं ओढली आणि मावशीला म्हणाली, "या, अशा शेजारी बसा. कुठल्या टोकाला किती शिवण दाबलीय ते सांगा मला."