वडिलांच्या दाराची बिजागरी

आमच्या घराला पाच दारं आहेत. त्यातल्या चार दारांबद्दल माझी काही तक्रार नाही. पाचवं माझ्या वडिलांच्या खोलीचं. ते पूर्वेला गोठ्याकडे उघडतं. आज ते दार एका बोटाने उघडतं आणि तेच मला सहन होत नाही.

मी म्हशींचा व्यापारी. शेवगाव तालुक्यात, रस्त्याच्या कडेला आमची वस्ती. सुरुवात दुसऱ्याच्या म्हशी हाकलत बाजारात नेण्यापासून केली आणि पुढे स्वतःच्या म्हशी विकू लागलो. स्लॅबचं घर बांधलं, कुणाकडून काही घेतलं नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडाने होत नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि बोटं दाबूनच नाकारायचा. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. टॉवेल मध्येच ओढणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत उघडं करणं. हे बाजारातलं लहान पोरही जाणतं.

घराची सगळी दारं गावातल्या एका सुताराने केली. आम्ही एका वर्गात होतो. तो मला ‘शेठ’ म्हणायचा, चिडवायला. मी त्याला मिस्तरी म्हणायचो. वडिलांच्या खोलीचं दार बसवून झालं त्या दिवशी ओट्यावर पाच-सहा माणसं होती, त्यात बाजारातले दोन व्यापारी. मजुरीचं बोलायचं म्हणून मी सवयीने टॉवेल पुढे केला आणि त्याचा हात धरला. त्याने दोन बोटं दाबली, मी एक दाबलं. त्याने पुन्हा दोन दाबली, मी पुन्हा एक. आणि मग त्याने टॉवेल ओढून काढला.

“शेठ, म्हशीचा भाव टॉवेलाखाली कर,” तो मोठ्याने म्हणाला. “माझ्या कामाचा उघड्यावर सांग. मी काय दावणीला बांधलोय व्हय?”

आणि त्याने त्याचा आकडा सगळ्यांसमोर सांगितला. वर माझाही सांगितला. व्यापारी हसले. एक जण म्हणाला, “आरं, दात तरी बघितले का मिस्तरीचे?” पुन्हा हसले.

मी त्याच्या हातावर त्याच्याच आकड्याएवढे पैसे ठेवले आणि सांगितलं, “पुन्हा ह्या ओट्याची पायरी चढायची न्हाई.”

माझी चूक होती असं आज लोक म्हणतात. मी निम्मी कबूल करतो. माणसाच्या हाताचा भाव जनावरासारखा करू नये, हे खरं. पण तो मला बाजूला घेऊन बोलू शकला असता. टॉवेल ओढायला नको होता.

त्यानंतर महिन्याभरात मी नगरला जाऊन बॅटरीवरची ड्रिल मशीन आणली. सुतार नको, वायरमन नको, कुणाची मिनतवारी नको. दुकानदाराने निळी पेटी उघडून दाखवली. एक मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर, बिटांचा डबा. मी तासभर बसलो. तो भावात खाली येईना, तेव्हा मी म्हणालो, “दोन बॅटऱ्या कशाला? मशीन एक, तर बॅटरी एक. दुसरी काढून घ्या आणि भाव सांगा.” त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

“साहेब, एक चार्जिंगला लागली की दुसरी कामाला लागते.”

“मला उद्योग आहेत. मी काय दिवसभर भोकं पाडणार आहे?”

त्याने दुसरी बॅटरी काढली. पेटीतली तिची जागा रिकामी राहिली. मोटरसायकलवर येताना मला इतका आनंद झाला होता, जणू गाभण म्हैस भाकडाच्या भावात मिळाली.

आणि खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर ती मशीन सोन्यासारखी चालली. गोठ्याचे उडालेले पत्रे मी एका सकाळी बसवले. मोरीतला नळ भिंतीला पक्का केला, देवघराची फळी लावली, बायकोच्या शिलाई मशीनचा हललेला पाय आवळला. हातात बंदुकीसारखी धरायची, बटण दाबायचं, स्क्रू सरसर आत. पेचकसाने मनगट मोडून घ्यायला नको. वायर ओढायला नको. शेजारचे बघायला यायचे. मशीनच्या तोंडाजवळ एक फिरती कडी होती, तिच्यावर आकडे होते आणि शेवटी बिटाचं चित्र. मी ती कायम चित्रावर ठेवायचो, म्हणजे पूर्ण ताकद. पैसे पूर्ण दिलेत तर ताकद कमी का वापरायची, असा माझा हिशेब.

दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले, बोलणं परत आलं, काठीने दोन-चार पावलं चालायला लागले. बाकी सगळं आमच्या हातात गेलं. अंघोळ, जेवण, सदऱ्याच्या गुंड्या. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. उजाडलं की ते स्वतः उठायचे, काठी भिंतीला टेकवायचे, डाव्या हाताने कडी काढून दार आत ओढायचे आणि उंबऱ्यापाशी ठेवलेल्या खुर्चीत बसायचे. तिथून गोठा दिसतो. धारा चालू असताना ते म्हशी बघायचे. मी किटली घेऊन बाहेर आलो की म्हणायचे, “तांबड्या शिंगाची आज कमी खाती, बघ जरा.” बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

मग दार खाली बसलं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आणि दाराचा कोपरा फरशीला घासू लागला. दोन मिनिटांचं काम, म्हणून मी मशीन काढली. मशीनची कडी चित्रावर, पूर्ण ताकद. स्क्रू आत गेला आणि जागच्या जागी गरगर फिरत राहिला. कडुनिंबाच्या चौकटीतलं भोक मीच मोठं केलं होतं. मग मी जाड आणि लांब स्क्रू आणले. तिसरा आत जाताना ‘कट्’ असा आवाज आला आणि चौकट उभी चिरली. त्यात बॅटरी संपली. दार खालच्या बिजागरीवर तिरकं लटकत होतं आणि लाईट गेलेली. वायर नको, लाईट नको म्हणून घेतलेली मशीन, आणि मी तिच्यासाठी लाईटची वाट बघत बसलो होतो. त्या पेटीतली रिकामी जागा मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली.

दार दोरीने बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बिजागरी दोन इंच वर सरकवून नवी भोकं पाडली. दार बसलं, पण वरून चौकटीत अडकू लागलं. मला दोन्ही हातांनी हिसका देऊन उघडावं लागायचं.

वडील म्हणाले, “मिस्तरीला बोलव. त्यानं बसवलंय, त्याला कळंल.”

“आबा, मी करतो ना.”

“तू करतोय ते दिसतंय. बोलव त्याला.”

“त्यो ह्या घरात येणार न्हाई,” मी ओरडलो. आजारी माणसावर ओरडलो.

चार दिवसांनी सकाळी आवाज आला. मी धावलो. त्यांनी दार ओढलं होतं, दार हललं नाही, काठी सटकली आणि ते भिंतीला धरत धरत खाली बसले होते. लागलं काही नव्हतं. बायको त्यांना उठवताना मला म्हणाली, “आवं, बोलवा की त्या मिस्तरीला. तुमचं नाक कापत न्हाई कुणी.”

मी त्याला बोलावलं नाही. शेवगावला जाऊन बिनवायरची घंटी आणली. बटण वडिलांच्या उशाशी, घंटी माझ्या खोलीत. “आबा, उठायचं नाही. बटण दाबायचं, मी येऊन उघडतो.” त्यांनी बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाले.

असे आठ महिने गेले. घंटी वाजायची, मी हिसका देऊन दार उघडायचो, त्यांना खुर्चीत बसवायचो. कधी धारा उरकलेल्या असायच्या. कधी मी बाजारात असायचो आणि बायको चुलीपाशी. हळूहळू घंटी उशिरा वाजू लागली. मग ते म्हणू लागले, “ऱ्हाऊ दे, आज पडूनच बरं वाटतंय.” मला वाटलं वय झालं.

तांबड्या शिंगाची म्हैस मी घोडेगावच्या बाजारात विकली. घरी येताना वडील काय बोलतील याची मनात उत्तरं जुळवत होतो, कारण ती त्यांची लाडकी होती. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी मीच म्हणालो, “आबा, तांबडी विकली.”

“हुती का अजून?” ते म्हणाले.

मी तसाच उठलो आणि मोटरसायकल काढली.

सुताराची शेड रस्त्यालाच आहे. त्याने मला येताना बघितलं आणि रंधा थांबवला नाही. मी म्हणालो, “आबांचं दार अडकतंय.”

“कवापासून?”

“आठ-नऊ महिने.”

तेव्हा रंधा थांबला. “आरं, मग आबा उघडतात कसं?”

त्याने पिशवी भरली. पिशवीत मला त्याची मशीन दिसली. माझ्यासारखीच, निळी. सोबत दोन बॅटऱ्या.

त्याने दार उतरवलं, चौकटीतली माझी भोकं मोजली. अकरा. “शेठ, चाळण केलीस की रं.” बाभळीच्या बारीक खुंट्या तासून, गम लावून त्याने प्रत्येक भोकात ठोकल्या. चीर आवळून धरली. ते सुकेपर्यंत दाराची वरची कड रंध्याने उतरवली. मग माझी मशीन मागितली, तिची कडी चित्रावरून फिरवून लहान आकड्यावर आणली. स्क्रू आत जाऊन बसला आणि मशीन कटकट करून आपोआप थांबली.

“ह्यो आकडा कशाला दिलाय मग? शोभंला?” मग पेटीत डोकावून, “आन दुसरी बॅटरी?”

“भावात सोडली.”

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

मजुरी त्याने सांगितली आणि मी दिली. तो नोटा हातात घेऊन उभा राहिला. “भाव न्हाई केलास? बरं न्हाई का तुला?” मग तो आत जाऊन वडिलांच्या खाटेशी वाकला. “आबा, उठा. उघडून बघा, पाखरासारखं झालंय.”

वडिलांनी पडल्या पडल्या दाराकडे बघितलं. “लई बेस केलंस,” म्हणाले. उठले नाहीत. सुताराने खुर्ची उंबऱ्यापाशी सरकवून दिली, काठी खाटेजवळ आणून ठेवली. जाताना तो माझ्याकडे न बघता ओटा उतरला. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मी जागा होतो. कडीचा आवाज येईल म्हणून अंथरुणात न हलता पडून राहिलो. गोठ्यात बादल्या वाजल्या. धारा सुरू झाल्या, संपल्याही. मग घंटी वाजली.

मी घरातून त्यांच्या खोलीत गेलो. एका बोटाने दार ओढलं, ते आवाज न करता उघडलं. वडील भिंतीकडे तोंड करून होते. “आलास का,” म्हणाले, “उघड की मग दार.”

“उघडलं, आबा.”

“व्हय का? आवाज न्हाई आला.”

आता मी रोज सकाळी बटण त्यांच्या उशाशी ठेवत नाही, खिडकीत ठेवतो, म्हणजे ते उठतील. ते हाक मारतात. मी लगेच जात नाही, जरा वेळ गोठ्याच्या बाजूने दाराबाहेर उभा राहतो, कडी वाजते का ऐकत.