गुरुवारी उतरणारं पाणी

इंचरावांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं दर गुरुवारी ते आमच्या पाटबंधारे कचेरीत आठवड्याचे आकडे घेऊन यायचे, मी ते उतरवून घ्यायचो. एवढीच ओळख. लिहिण्याची मला सवय नाही; काही चुकलं तर त्यांच्या घरच्यांनी सांभाळून घ्यावं.

ओढ्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाणी किती चढलं ते रोज सकाळी पाहून लिहायचं, हे त्यांचं काम. वादात इंचभरही मागे सरायचे नाहीत, म्हणून कचेरीने नाव ठेवलं इंचराव. शिपायाने कपात चहा कमी ओतला, तरी "पाऊण इंच कमी आहे" म्हणायचे.

पुढे त्या ओढ्यावर नवा साठवण तलाव बांधायचं घाटू लागलं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कधी पोचतच नाही, आणि इंचरावांची लेक नेमकी तिथेच दिलेली. तलाव भरेल एवढं पाणी ओढ्याला येतं, याला पुरावा म्हणजे इंचरावांची वही. महिनाभर ते ताठ मानेने चालत होते.

वही तपासायला आल्या इंजिनिअर बाई, त्यांच्या लेकीच्या वयाच्या. दोन दिवस पानं उलटून त्यांनी इंचरावांना बोलावलं.

"काका, ओढ्याला गुरुवारी सुट्टी असते का?"

"म्हणजे?"

"दर गुरुवारी पाणी दोन इंच उतरतं आणि शुक्रवारी परत चढतं. वहीवर विश्वास ठेवता आला नाही, तर नव्याने तीन वर्षं मोजावं लागेल. तोवर तलाव कागदावरच."

इतकी वर्षं ते आकडे मीच उतरवले होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी फाइलीत डोकं घातलं. कान मात्र बाहेरच होते.

"गुरुवारी मी पहाटेच इकडे निघतो," इंचराव म्हणाले. "आकडा आमची मंडळी बघते."

"मग त्या चुकतात?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अब्रूही राहिली असती आणि कागदावर तलावही मोठाच राहिला असता.

"नाही. ती पार पाण्याशी उतरून बघते. मी वरच्या पायरीवरून बघतो. लाटांनी पट्टी भिजते ना, तो ओला डाग धरतो. तो दोन इंच वर असतो."

"खाली का उतरत नाही?"

"पाण्याची भीती वाटते."

कोणी हसलं नाही. आमच्या कचेरीत हे पहिल्यांदाच घडलं. शिपाई तेवढा खोकला, पण तो खोकलाच होता म्हणे.

बाईंनी गुरुवार सोडून बाकी सगळ्या आकड्यांतून दोन इंच वजा केले. तलाव ठरल्यापेक्षा थोडा लहान झाला, पण मंजूर झाला. सोबत हुकूम आला: यापुढे आकडा रोज पाण्याशी जाऊन घ्यावा.

मी निवृत्त झाल्यावर आमची एकदाच गाठ पडली, ओढ्याच्या वाटेवर. वहिनी खाली पाण्याशी वाकलेल्या, हे वर पेन्सिल घेऊन उभे.

"काय इंचराव, बरं आहे ना?"

"बरं आहे. थांबा जरा, ती आकडा सांगतेय."

मी थांबलो. त्यांनी आकडा लिहिला, खाली हाक मारून पुन्हा विचारून घेतला.

"येतो मग," मी म्हणालो.

"या. त्या बाजूने जा, इकडे चिखल आहे."