पुना नानांची लँडमास्टर आणि आबांची खुर्ची

पुना नानांच्या गाडीनं कुणाला मागे टाकलेलं मी कधी पाहिलं नाही. सायकलवाले हात हलवून पुढे जायचे. रिकामी बैलगाडी असेल तर तीही पुढे जायची, पण नानांना त्याचं काही वाटायचं नाही. गाडीवानाशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ते मुद्दाम बैलांच्या चालीनं गाडी हाकायचे.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या शेठकडे त्यांनी उभी हयात ड्रायव्हरकी केली. शेठना सदा घाई. कधी जळगावचा बाजार गाठायचा, कधी धुळ्याच्या कोर्टाची तारीख. सगळा खान्देश पालथा घातला, पण बघितलं काहीच नाही, अशी नानांची तक्रार असायची. ते साठीला टेकले तेव्हा शेठनी आवारात नुसतीच उभी असलेली जुनी लँडमास्टर त्यांना देऊन टाकली. राखाडी रंगाची, गोल पाठीची, नानांच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी कारखान्यातून निघालेली. हे साल पंच्याऐंशी असावं. आता गावातल्या नवरदेवांची सोय झाली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. नानांनी एकाही नवरदेवाला गाडीत बसवलं नाही. गाडी फक्त रविवारी निघायची, आणि तिच्यात नानांच्या पत्नी मंजुळानानी बसायच्या.

जायचं कुठे, ते काही ठरलेलं नसे. कधी तापीच्या पुलावर, कधी कपिलेश्वरच्या देवळाला, कधी नदी ओलांडून सातपुडा जवळ दिसेपर्यंत. फाल्गुनात पळस फुलला की त्याच्याखाली थांबायचं. हिवाळ्यात भरीत-भाकरी बांधून न्यायची. परत आल्या की नानी मला सगळं सांगत बसायच्या. कुणाच्या शेतात कापूस किती फुटलाय, कुठल्या वडावर बगळे बसलेत. माहेर आणि सासर यापलीकडे काही न पाहिलेली ती बाई, पण तिच्या तोंडून रस्ता ऐकताना मला तिचा हेवा वाटायचा. मी हे तेव्हाही त्यांना बोलून दाखवलं होतं.

पण गावातून निघताना नानी मागच्या सीटवर असायच्या, पदर नाकापर्यंत ओढून. कारण गल्लीच्या तोंडाशी, आमच्या ओट्याखाली, खुर्ची टाकून माझे सासरे बसलेले असत. तोताराम आबा, नानांचे थोरले भाऊ, म्हणजे नानींचे जेठ. आमच्याकडे जेठासमोर बाईनं तोंड दाखवायचं नाही, त्यांना ऐकू जाईल असं बोलायचं नाही. एका घरात चूल पेटली, पोरं वाढली, वाटण्या झाल्या, तरी आबांनी नानींचा आवाज ऐकलेला नव्हता. मला या रीतीचा मनस्वी राग यायचा. पण राग येऊन काय होतं, माझाही पदर डोक्यावरून ढळत नव्हता.

शिवेवर एक निंबाचं झाड होतं. तिथं नाना गाडी थांबवायचे. नानी उतरून पुढे जाऊन बसायच्या, पदर मागे सारायच्या आणि मग खरी सहल सुरू व्हायची. परतताना त्याच निंबाखाली पुन्हा अदलाबदल. गावाला हे सगळं माहीत होतं आणि गावानं ते कधी पाहिलं नाही.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग गाडीला ओरखडे पडू लागले. अमळनेरचे नूर महंमद मिस्त्री शेठच्या वेळेपासून या गाडीचे डॉक्टर. एकदा मडगार्ड ठोकताठोकता ते नानांना म्हणाले, "नाना, बठ्ठा ओरखडा डावी बाजूलेच शेतस." सगळे ओरखडे डावीकडेच, म्हटल्यावर नाना हसले. पण ऐकणाऱ्या नानी हसल्या नाहीत, त्या नानांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डावा डोळा काचबिंदूनं गेलेला निघाला. उजवा शाबूत होता. गाडी चालवायची की नाही, हे नानांनी डॉक्टरांना विचारलंच नाही, म्हणून डॉक्टरांनीही काही सांगितलं नाही. माणूस सोयीपुरता भारी हुशार असतो.

त्यानंतर नानी त्यांचा डावा डोळा झाल्या. शिवेबाहेर पुढे बसून त्या सांगायच्या, सायकल आली, खड्डा आहे, म्हैस आहे, आता मोकळं आहे. नाना तसे हाकायचे. काळजी काय ती गावातल्या गल्लीची. तिथं नानी मागे, आणि आबांची खुर्ची नेमकी डाव्या हाताला.

व्हायचं ते एका रविवारी झालं. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. गाडी डावीकडे दबत आली, आणि आबांनी पाय आत ओढला न ओढला तोच त्यांच्या पायातून निसटलेल्या जोड्यावरून चाक गेलं. चामड्याचा नवा जोडा पापडासारखा चपटा झाला. आबांना ओरखडाही नव्हता. नाना घाईघाईनं खाली उतरले. भावाच्या पायाशी बसून त्यांनी तो जोडा उचलला.

संध्याकाळी नानी माझ्याजवळ येऊन रडल्या. म्हणाल्या, "माले दिखना त्यासना पाय. पन जेठसना म्होरे बोलू कशी?"

पाय दिसला होता. हाक ओठांवर होती. आणि तरीही ती बाहेर पडली नव्हती.

नानांनी गाडी गोठ्यात लावली, वर गोणपाट टाकलं आणि किल्ली देवळीत ठेवली. पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरवलं. सगळा पावसाळा गेला. रविवार उजाडला की ते सकाळीच अंघोळ करून तयार व्हायचे आणि दारात बसून राहायचे. जेवण कमी झालं, बोलणं तर जवळजवळ थांबलंच. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि नानी मनातून पोखरल्या जात होत्या.

शेवटी मी धीर केला. आबांना जेवायला वाढताना सरळ सांगितलं की त्या दिवशी नानींना तुमचा पाय दिसला होता, तुमच्यामुळेच त्या बोलू शकल्या नाहीत. आबांनी हात धुतले आणि ते बाहेर जाऊन बसले.

दसरा झाल्यावरच्या रविवारी गोठ्यातून इंजिनाचा आवाज आला. नानींनीच किल्ली नानांच्या हातात दिली होती. मी धावत ओट्यावर गेले. नानी दारापासून पुढच्या सीटवर बसल्या होत्या, गावात, सगळ्यांदेखत. पण डाव्या बाजूला आबा बसलेले, म्हणून त्या बाजूनं पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. म्हणजे बघायचं त्याच बाजूचं काही दिसायची सोय नाही. गाडी खुर्चीपासून दहा हातांवर थांबली. नानांना पुढे घ्यायचा धीर होईना, नानींचा हात पदर सारायला उठेना. आता गाडी मागे फिरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात आबा उठले. त्यांनी खोकून आवाज दिला, खुर्ची उचलली, ओट्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली.

नानींनी पदर मागे सारला. आणि मग आबांना, मला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या, "डावी बाजूले वाट मोकळी शे. हाका आते."

गाडी गेली. आबा बराच वेळ भिंतीकडे पाहत होते. मी चहा नेला तेव्हा म्हणाले, मंजुळाचा आवाज खणखणीत आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

मग ती नवी रीतच पडली. हॉर्न वाजला की आबा खुर्ची फिरवायचे, नानी पदर सारायच्या. लोक हसले, मग कंटाळले. शिवेवरच्या निंबाखाली आता गाडी थांबेनाशी झाली.

शहाण्णव साली आबा गेले. दिवस-पाणी झाल्यावर कितीतरी दिवसांनी एका रविवारी हॉर्न वाजला. आबांची खुर्ची ओट्याखाली तशीच होती, रस्त्याकडे तोंड करून, रिकामी. गाडी तिच्या अलीकडे थांबली. पुढे नानी बसल्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत ओढून. नानांनी गाडी पुढे घेतली नाही.

मी ओट्यावरून खाली उतरले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली. तेव्हा कुठे नानींनी पदर मागे घेतला.