चिमीचे दात

चिमीने पाच मिनिटांत रबरी बदक फाडलं आणि त्याच्या पोटातली शिट्टी कुठेच दिसेना. चिमी म्हणजे आमचं चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. आठवड्यातलं हे तिसरं खेळणं.

"गिळली असेल," नवरा म्हणाला, आणि मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, "आधी घरात शोधा. नाहीच सापडली तर लगेच घेऊन या. आणि यापुढे खेळणं भरीव रबराचं घ्या, नखाने दबेल असं, पण तिच्या तोंडात अख्खं मावणार नाही एवढं मोठं."

मी रांगत घर पालथं घातलं. शिट्टी सोफ्याखाली मिळाली. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं पडलं होतं. उचलून पाहिलं, तर चिमीचा दुधाचा दात.

आठवडाभर मी तिला नुसती रागावत होते. आतून काही नवं उगवू लागलं की जीव एका जागी थांबत नाही. बाहेरच्यांना मात्र मोडतोडच दिसते.

संध्याकाळी भरीव रबराचं कडं आणलं. चिमी त्यावर तुटून पडली.

"आता तरी बस जरा," नवरा म्हणाला.

बसले. पण दर मिनिटाला वाकून पाहत राहिले, तुकडा तर निघाला नाही ना.