हितेश की मितेश

पडदा वर जातो. ठाण्याला कोपरीतल्या एका दवाखान्याची खोली, कपाटाला मोठी आणि खोलीला लहान. भिंतींना जाड स्पंज. मधोमध एकच खुर्ची, त्यात मानपाड्याच्या सखुबाई. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू आणि अंबाड्यावर हेडफोन. काचेपलीकडे कान तपासणारी नीरजा आणि सखुबाईंचा मुलगा नयन.

सखुबाई धवलारीण. हळद असो की लग्न, नवरा-नवरीची नावं गुंफून धवले गायचे ते त्यांनीच. पण गेल्या वैशाखात शहाडच्या हळदीला घात झाला. डीजे छाती हादरवत होता. त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं, कुणीतरी कानाशी ओरडलं ‘मितेश’, आणि सखुबाईंनी धवल्यात खड्या आवाजात हळद लावली ती हितेशला. म्हणजे थोरल्या भावाला, दोन पोरांच्या बापाला! हितेशची बायको हातातलं ताट आपटून माहेरी निघाली होती.

आता नात कल्पिताचं लग्न तोंडावर आलेलं, आणि नयनचा एकच धोशा: कान तपासल्याशिवाय धवला नाही.

“आजी, वाक्य ऐकायचं आणि तसंच म्हणायचं,” नीरजा म्हणाली.

हेडफोनमध्ये पुरुषाचा आवाज आला: आजी ताजी भाजी आणते.

“आनते. दुसरा कोन आननार?”

“आये, उत्तर नको देऊस! नुसतं म्हण,” नयनने कपाळावर हात मारला.

मग सखुबाईंनी चिडून का होईना, वाक्यामागून वाक्य बिनचूक म्हटलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये त्या आवाजामागे बायकांचा कलकलाट सुरू झाला.

“ती मागं कोन बाय बडबडतं? तिला आदी गप कर.”

“ती बडबड मुद्दामच ठेवलीय, आजी. गोंगाटात किती कळतं, तेच बघायचंय.”

“गोंगाट आयकाला मना ठान्याला आनला? घरा काय कमी हाय?”

“आये, म्हण ना!”

सखुबाईंनी डोळे मिटले. “मामानं साडी धुतली,” त्या म्हणाल्या. मग भुवई चढवून, “कुनाची, ता नाय बोलला.”

वाक्य होतं ‘मामाने गाडी धुतली’. पुढची बरीचशी वाक्यं अशीच वाहून गेली. सखुबाईंनी हेडफोन काढून मांडीवर आदळला. नातीच्या हळदीला आपण कोपऱ्यात बसणार आणि धवला दुसरीच कुणी गाणार, हे त्यांना दिसायला लागलं होतं.

नीरजा आत आली. “शांततेत आजींना छान ऐकू येतं. आवाजात मात्र शब्द निसटतात. कानाच्या मशीनने थोडा फरक पडेल, पण डीजेपुढे मशीनही हात टेकतं.”

 डीजे नयननेच ठरवलेला, तोही सगळ्यांत मोठा. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या हेडफोनकडे.

“बरं बाबा,” तो वैतागून म्हणाला, “धवला संपेपर्यंत डीजे बंद. गा तू! पण नाव चुकलीस ना, आये...”

सखुबाई पदर सावरत उठल्या.

“नवऱ्याचा नाव मना ठावं हाय. त्याच्या भावाचा सांग, धवल्यात कंचा नाय घ्यावाचा ता.”