जीपचा रोटर आणि बाबलीची शपथ

माझी बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत डाळिंब्या सोलत बसलो होतो, आणि तिने चोरी कबूल केली.

"अहो, तो जीपचा रोटर. मी काढला होता."

चाळीस वर्षं झाली होती त्याला! माझ्या हातातला वाल सालीतून सुटला तो थेट खालच्या मजल्यावर.

"तू?"

"मग काय! आता बाबलीभावजींशी बोला. बास झालं."

बाबली म्हणजे माझा जोडीदार. मालवणचा. लढाईच्या काळात आम्ही दोघं लष्करी वर्कशॉपात हेल्पर होतो, नंतर एकाच गिरणीत फिटर. राहायला घोडपदेवला एकाच चाळीत, मध्ये दोन खोल्या. जीप सोडून दुसरं प्रेम दोघांनाही ठाऊक नव्हतं. (माझं लग्न घरच्यांनी लावलं. त्याचं कोणी लावलं नाही.)

तर दारुखान्याच्या भंगारबाजारात एका भंगारवाल्याकडे लढाईतली जीप दिसली. टप नाही, सीटा नाहीत, बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलेलं. बाबली तिच्याकडे मुलगी बघायला आल्यासारखा बघत राहिला. घेतली! बैलगाडीच्या मागे बांधून आणली आणि चाळीच्या मागल्या अंगणात विटांवर चढवली.

आठ महिने, दर रविवारी, सकाळपासून अंधार पडेपर्यंत खपलो, तेव्हा कुठे ती विटांवरून उतरली आणि सुरू झाली. इंजिनाचं काळं तेल काढलं ते हिच्या परातीत. कार्बुरेटर धुतला तो हिच्या पातेल्यात. ही शिव्या देत पाने पुढे करायची. "कुठला देऊ? अर्ध्याचा की पाऊणचा?" असं विचारायची. इथेच मला संशय यायला हवा होता. नाही आला.

संशय आला तो चाळीला! दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभा, मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर. गोळीबारात माणसं गेली होती. आणि जीप म्हटली की लोकांना एकच आठवायचं, पोलीस! मी नळावर गेलो की बोलणी बंद व्हायची.

"गिरणीतल्या फिटरला जीप कशाला लागते रे?"

"सरकारने दिली असणार. खबऱ्या आहे, खबऱ्या!"

हिला हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली. शेवटी चाळीचे पुढारी तात्या घरी आले. (तात्या मोर्च्यात कायम मधोमध चालायचे. कडेच्यांना लाठी लागते.)

"शिवा, तू खबऱ्या नाहीस ना?"

"नाही हो!"

"मग उद्याच्या मोर्च्यात तुझी जीप सगळ्यात पुढे. वर भोंगा. चालवणार तू."

"आणि तुम्ही, तात्या?"

"मी मधून लक्ष ठेवीन."

नाही म्हणावं तर खबऱ्या, हो म्हणावं तर पहिली गोळी माझी. मी हो म्हणालो. चुलीपाशी बसलेली ही एक अक्षर बोलली नाही. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई! तरी मला संशय नाही.

सकाळी अख्खी चाळ अंगणात. जीपला झेंडूचा हार. बॉनेटवर कुंकू. मी हँडल मारलं. ढिम्म. बाबलीने मारलं. ढिम्म. तीस माणसांनी ढकललं. मी चारही चाकांचा गिअर टाकला, तर आता दोनच्या ऐवजी चार चाकं मिळून चालेनात! शेवटी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. आत रोटर नाही! रोटर म्हणजे मोठ्या सुपारीएवढा काळा तुकडा. तो फिरला की ठिणगी प्लगला पोचते. तो नसला की जीप म्हणजे नुसता पत्र्याचा बाक.

"यानेच काढला!" तात्या ओरडले. "ऐन वेळी दगा!"

"मी माझाच रोटर कशाला काढू?"

"मग त्यातलं आणखी कळतं कोणाला?"

सगळ्या माना बाबलीकडे वळल्या. पहिली माझी.

मोर्चा पायी गेला. दुपारी हवालदार हजर. "ही जीप मोर्च्यात नेणार होतास?"

"साहेब, बंद आहे."

"बंद असल्याचं सोंग ना? आम्हाला कळत नाही?"

एकाच दिवशी मी सरकारचाही माणूस आणि सरकारच्या विरुद्धचाही!

संध्याकाळी मी बाबलीच्या खोलीची झडती घेतली. ट्रंक उपसली, गादी उसवली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाबली भिंतीला टेकून उभा, तोंडातून शब्द नाही. ही दारातून मला सांगतेय, "फळीवर बघा. नीट बघा हो!"

मग तात्यांनी तोडगा काढला. मारुतीच्या देवळात नारळावर हात ठेवून चाळीतल्या एकूण एक पुरुषाने शपथ घ्यायची, 'रोटर माझ्याकडे नाही.' पुरुषाने! बायकांना कोण विचारतो? त्या खोबरं वाटायला मागे उभ्या. सगळ्यांनी शपथा घेतल्या. सखारामबुवांनी तर 'रोटर मी पूर्वीच सोडला' अशी घेतली. (त्यांना ती तंबाखू वाटली.) बाबलीची पाळी आली. त्याने हात मागे घेतला.

"मी शपत घेवचंय नाय."

"का?"

"नाय म्हणजे नाय."

झालं! याहून पुरावा कसला पाहिजे? भर देवळात मी म्हणालो, "आजपासून तू मला मेलास."

"बरा," म्हणाला. हिने त्याला खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.

दुसरा रोटर चोरबाजारात मिळाला असता, पण मी हट्टाला पेटलो होतो. आम्ही जीप वाटून घेतली. पुढची चाकं माझी, मागची त्याची. इंजिन माझं, गिअरबॉक्स त्याची. तिकडे सगळा महाराष्ट्र एक होत होता, आणि इकडे अंगणात जीपची फाळणी! भंगारवाला दोनदा आला, दोघांकडे वेगवेगळा.

त्यानंतर बोलणं हिच्या मार्फत. "त्याला सांग, रेडिओ हळू लाव." "तेका सांगा, कानात बोळे घाल." दर रविवारी बांगड्याचं कालवण मात्र त्याच्याकडे वाटीभर जायचं. "चोराला कालवण?" मी ओरडायचो. "एकटे आहेत," एवढंच ही म्हणायची.

आणि आता म्हणते, मी काढला!

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर बसवला असतात आणि गेला असतात. मला नवरा हवा होता, फोटो नको होता."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही देवळात एवढं बोलून आलात. कोणत्या तोंडाने सांगू?"

रात्री ती नीट जेवली. सकाळी उठली नाही. मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, मुद्दाम पडून राहिलीय. (संशय. सवय झालेली.)

मग मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाबलीचं दार वाजवलं.

"ही गेली," म्हणालो.

त्याने दाराची चौकट धरली. मी रडायचं सोडून भलतंच बोलायला लागलो. "बाबल्या, रोटर तिने काढला होता रे. मला माफ कर."

"माका म्हायत आसा."

"तुला कसं माहीत?"

"माझ्याकडेच दिल्यान ठेवूक. शिवाक सांगू नको म्हणून गळ्याची शपत घातल्यान."

"आणि मी झडती घेतली तेव्हा कुठे होता?"

"तोंडात! म्हणान तर बोलूक येय नव्हता."

म्हणजे चोर तोच! चाळीस वर्षं माझा संशय सोळा आणे खरा होता, आणि ज्या सकाळी तो खरा निघाला त्याच सकाळी मी हात जोडून बसलो होतो. दिलेली माफी माणूस परत घेईल, मागितलेली कशी घेणार? शेवटी त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडलो. चोराच्या!